मागणीपत्रक, तिसरी दुरुस्ती

मागितल्या होत्या प्लास्टरच्या चाळीस गोण्या.
आल्या अकरा.
त्यातल्या दोन वाटेत भिजून दगड झालेल्या,
त्या आता ऑफिसचं दार उघडं धरून ठेवतात.

यूटाच्या या कोपऱ्यात सरकारची जमीन
इतकी, की सकाळी निघालं तर
दुपारच्या डब्यापर्यंत कुंपण लागत नाही.
तिच्यावर राखणदार एक: मी, आर्लीन एटसिटी.
आणि एक पिकअप, जिचा दुसरा गिअर
पाहुण्यासारखा, आला तर आला.

मंगळवारी व्हर्ला हनसेकर येते.
पगार नाही, पेट्रोल तिचंच, वय ऐंशीला टेकलेलं,
नवरा युरेनियमच्या खाणीनंतर खोकत खोकत गेला.
ती कोरड्या ओढ्यातली पावलं मोजते,
तीन बोटांची, तिच्या हॅटएवढी.
वहीत लिहिते: एकशे बारा. सगळी आहेत.
मागच्या मंगळवारी लिहिलं: एकशे अकरा,
पुढे काहीच नाही.
पेन तिथंच टेकून राहिलेलं, शाई पसरलेली.

करवतीनं कापून नेलंय.
कडा सरळ, स्वच्छ, ताटातून वडी उचलावी तशा.
खाचेत दगडाचा पांढरा भुगा, बिअरच्या कॅनची कडी.
चिखलातून चालत गेलेलं ते जनावर
डावा, उजवा, डावा,
आणि मग
एक पाऊल हवेत.

वॉशिंग्टनहून फॉर्म आला: नुकसानीची किंमत द्या.
रकाने तीन.
बाजारभाव. शास्त्रीय मूल्य. दुरुस्तीचा खर्च.
बाजारभाव चोराला विचारा.
दुरुस्ती म्हणजे काय लिहू?
चिखल ओला करून त्याला परत बोलवायचं?
शास्त्रीय मूल्यासाठी डॉक्टर ऑस्करसनना फोन लावला.
ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
त्या जागी ते अडखळलं की थांबलं,
हे आता कुणालाच सांगता यायचं नाही.
मी रकान्यात तसंच टाकलं: अडखळलं की थांबलं.
संगणकानं घेतलं नाही.
फक्त आकडे, म्हणाला.

माझा मामा वरच्या कपारीतल्या जुन्या घरांकडे
बोट दाखवत नाही, ओठ पुढे काढून दाखवतो.
लहानपणी मी तिथला मडक्याचा तुकडा
खिशातून घरी आणला,
तर त्याच रात्री जीपमध्ये बसवून
तेवीस मैल मागे नेलं.
होता तिथे, होता तसा,
पालथा, नक्षी खाली, ठेवायला लावला.
परतताना एवढंच बोलला,
हात न लावायला काही लागत नाही, पोरी.

मामा, लागतं.
यादीच काढलीय बघ.
फाटक एक, कुलपं सहा.
कॅमेरे चार, त्यांच्या बॅटऱ्या,
गुरं वायर चघळतात म्हणून लोखंडी नळ्या.
व्हर्लाच्या पेट्रोलला काहीतरी.
आणखी एक माणूस, अर्धवेळ चालेल,
फक्त रात्री जागा राहणारा हवा.
हा सगळा खर्च
हात न लावण्याचाच आहे.

पहिल्यांदा परत आलं: समर्थन अपुरं.
दुसऱ्यांदा: आर्थिक वर्ष संपलं.
साहेबांचा आवाज फोनवर दमलेला होता,
त्यांच्या वरच्यांचाही तसाच असणार.
वर, अजून वर, कुठेतरी
एक माणूस खरंच वाचत असेल
असं धरून
तिसऱ्यांदा लिहितेय.

दरम्यान नऊतली एक गोणी फोडली.
खाचेच्या कडेनं प्लास्टर भरलं,
शेजारच्या पावलाला तडा जाऊ नये म्हणून.
वारा होता. अर्धं आमच्याच केसांत गेलं.
व्हर्ला म्हणाली, आता आपण दोघीही
कुणीतरी खणून काढण्यासारख्या दिसतोय.

दुरुस्तीचा खर्च: एक गोणी.
फॉर्मनं तेवढं घेतलं.

या मंगळवारी तिनं वहीत काय लिहिलं
ते मी खोडलं नाही.
एकशे बारा.
त्यातलं एक नाही.